लीन योजना फौंड्रीत उतरते तेव्हा: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांसाठी परीक्षण

"खराब कास्टिंग जातंय कुठं? भट्टीतच परत येतंय की." कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात, कुठल्याही फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या ओतीव मालाचा, विषय काढा, हे वाक्य ठरलेलं आहे. धातू परत येतो हे खरंच आहे. पण जे परत येत नाही ते कुणी मोजत नाही, म्हणून हे वाक्य इतकी वर्षं टिकलं. महिन्याला १०० टन कास्टिंग काढणारी फौंड्री धरा, रिजेक्शन ८ टक्के. म्हणजे ८ टन माल बाद. यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये उतरणारा हिस्सा, ६० टक्के असेल तर तेवढ्या मालासाठी रनर-रायझरसकट (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे साठे) १३ टनांहून जास्त धातू वितळवलेला असतो. इंडक्शन भट्टीला टनाला ६०० युनिट धरली तर ८,००० युनिट वीज गेली. हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला ९ रुपये लावा: ७२,००० रुपये झाले, दर महिन्याला, नुसत्या विजेचे. मोल्डरची (साचा करणाऱ्याची) मजुरी, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोळशाची भुकटी, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं), वितळताना जळणारा धातू आणि गिऱ्हाइकाकडं उशिरा पोचलेली गाडी हे सगळं त्याच्या वर.

हा हिशेब सुरुवातीलाच मांडला, कारण केंद्र सरकारची 'एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन' योजना (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठी; लीन म्हणजे वाया जाणारा माल आणि वेळ कमी करायची पद्धत) घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. योजना सध्याच्या रूपात मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधी २००९ पासून तिचं जुनं रूप होतं, त्यात शेजारपाजारच्या कारखान्यांचे गट करून काम चालायचं. राबवणाऱ्या संस्था दोन, राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि भारतीय गुणवत्ता परिषद. पायऱ्या तीन. बेसिक ही ऑनलाइन शिकायची, फुकट. इंटरमीडिएटमध्ये सल्लागार कारखान्यात येतो, मुदत सहा महिन्यांपर्यंत, खर्च १ लाख २० हजार. ॲडव्हान्स्डला बारा महिन्यांपर्यंत, २ लाख ४० हजार. यातले ९० टक्के सरकार देतं, १० टक्के कारखाना. म्हणजे खिशातून जातात अनुक्रमे १२ हजार आणि २४ हजार. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना आणखी ५ टक्के सूट आहे. सरकारी 'उद्यम' नोंदणी लागते. एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी आणि मध्यमची ५०० कोटी झाली आहे, त्यामुळं इथल्या बहुतेक फौंड्र्या आणि मशिनशॉप यात बसतात. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरचे आकडे मात्र पुन्हा बघून घ्यावेत.

आमचं मत आधीच सांगतो. इंटरमीडिएट पायरी घ्यावी, आणि मनापासून घ्यावी. ॲडव्हान्स्डची घाई करू नये. बेसिक मालकानं नाही केली तरी चालेल, पण पाळीच्या सुपरवायझरकडून जरूर करून घ्यावी. नुसत्या प्रमाणपत्रासाठी मात्र यातलं काहीच करू नये, कारण रिजेक्शन ८ वरून ५ वर आलं तर वरच्याच हिशेबानं महिन्याला ३,००० युनिट, म्हणजे २७,००० रुपये एकट्या विजेत वाचतात. भरलेले १२ हजार पंधरा दिवसांत वसूल होतात. या पैशापुढं भिंतीवरच्या फ्रेमची किंमत काहीच नाही.

असल्या सल्ल्यानं कारखाना खरंच सुधारतो का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्याच राज्यातून आणि शेजारच्या गुजरातेतून मिळालेलं आहे. २००८ ते २०१० या काळात तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ कंपन्यांच्या २८ कापड गिरण्यांवर एक प्रयोग झाला. काही गिरण्यांना एक महिना पाहणी आणि पुढं चार महिने सल्लागाराची प्रत्यक्ष मदत दिली, बाकीच्यांना फक्त पाहणी. यंत्रं तीच ठेवली, माणसं तीच ठेवली. बदललं ते एवढंच: बिघाडाची नोंद, दोषांची वर्गवारी, सुताच्या साठ्याचा हिशेब, रोजची बैठक. मदत मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडलेल्या होत्या, विशेषतः जिथं मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ उरला नाही तिथं. तरीही त्या गिरण्या बाकीच्यांच्या पुढंच होत्या. लीन योजनेतून काय मिळेल आणि काय निसटेल, याचा इतका नेमका अंदाज दुसरीकडं कुठं मिळणार नाही.

आता फौंड्रीकडं. सल्लागार आला की पहिल्यांदा फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा आवरून नीट लावून ठेवायची पद्धत, सुरू करतो. लाल टॅग लावणं, पट्टे मारणं, हत्यारांच्या जागा आखणं हे सगळं ठीक आहे, आणि त्यासाठी आपल्याकडं खंडेनवमी आहेच. यंत्रपूजेसाठी शॉप झाडून पुसून निघतं, प्रत्येक मशिनच्या खालचं तेल, गळती, तुटलेलं गार्ड, ढिला पट्टा त्या दिवशी डोळ्यांना दिसतो. त्याच दिवशी वही घेऊन प्रत्येक मशिनसमोर उभं राहावं आणि दिसेल तो दोष लिहून काढावा. देखभालीचं अर्धं काम त्या वहीतून उभं राहतं. फाइव्ह-एसवर एवढं पुरे. त्यावर तीन महिने घालवणारा सल्लागार कारखान्याचा अर्धा काळ खातो.

खरं काम वाळूपाशी आहे. ग्रीन सँड, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यांच्या, फौंड्रीत दोषांचा मोठा हिस्सा वाळूतून येतो, आणि वाळू बहुतेक ठिकाणी अजून मुठीत आवळून बघितली जाते. ही परीक्षा वेडेपणाची नाही. गुऱ्हाळावर गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी बघतो आणि चुकत नाही, तसाच मिक्सरवरचा जुना माणूस मूठ उघडून सांगतो की पाणी कमी आहे. अडचण अशी की त्याची मूठ दुसऱ्या पाळीला देता येत नाही. तो जेवायला गेला की वाळू बदलते. लीन योजनेचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे या मुठीचं आकड्यात रूपांतर करणं.

आकडे कोणते, तर चार-पाचच. कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दबते) ३८ ते ४२ टक्के, ओलावा ३ ते ४ टक्के, पर्मिॲबिलिटी (वाळूतून वायू किती निघून जातो) जॉबप्रमाणे साधारण १२० ते १६०, ॲक्टिव्ह क्ले (चिकटपणा शिल्लक असलेली माती) ७ ते ९ टक्के, आणि वाळूचं तापमान ४० अंशांच्या आसपास. मोल्डिंगचं यंत्र आणि जॉब बदलला की पट्टे थोडे सरकतात. आपले स्वतःचे पट्टे चांगल्या आठवड्यातल्या नोंदींवरून ठरवावेत. कॉम्पॅक्टॅबिलिटी आणि ओलावा दर तासाला. ताकद आणि पर्मिॲबिलिटी पाळीत दोनदा. ॲक्टिव्ह क्ले आणि लॉस ऑन इग्निशन (वाळू तापवल्यावर जळून घटणारं वजन) आठवड्याला.

नमुना कुठून घेता यावर सगळं अवलंबून असतं. मिक्सरच्या तोंडाशी घेतलेला नमुना सुरेख येतो. तीच वाळू बेल्टवरून मोल्डिंग मशिनच्या हॉपरपर्यंत जाताना, गरम असेल तर, पाणी सोडते. मिक्सरवर ४० कॉम्पॅक्टॅबिलिटी दाखवणारी वाळू हॉपरमध्ये ३४ भरते, साच्याच्या कडा सुटतात, वाळू पडते आणि कास्टिंगमध्ये सँड इन्क्लूजन येतं. मिक्सरवाला म्हणतो माझं बरोबर, मोल्डर म्हणतो वाळू कोरडी, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून नमुना हॉपरखालून घ्यायचा आणि दोन्हीकडच्या आकड्यांतला फरक लिहायचा. फरक ३ च्या वर गेला की प्रश्न पाण्याचा नसतो, वाळू थंड होत नाही हा असतो. अशा वेळी मिक्सरमध्ये पाणी वाढवणं हा चुकीचा इलाज आहे, त्यानं सकाळच्या थंड वाळूत ब्लो (वायूनं पडलेली भोकं) येतात.

दुसरी खूण याहून मोलाची आहे, पण तिच्याकडं क्वचितच कुणी बघतं. कॉम्पॅक्टॅबिलिटी आणि ओलावा यांचं एकमेकांशी प्रमाण ठेवून बघा. ४० कॉम्पॅक्टॅबिलिटीला गेल्या महिन्यात ३.४ टक्के पाणी लागत होतं आणि आता ४.१ लागतंय, तर वाळूत मेलेली (चिकटपणा गेलेली) माती आणि बारीक धूळ वाढली आहे. डस्ट कलेक्टरच्या पिशव्या तुंबल्यात का, नवी वाळू कमी पडतेय का, हे बघायची ती वेळ. एका तासाच्या आकड्यात हे दिसत नाही, महिनाभराच्या कागदावर उतरती-चढती रेघ काढली तरच दिसतं. सल्लागार ज्याला व्हिज्युअल कंट्रोल म्हणतो ते हेच. मिक्सरशेजारी आलेखाचा कागद, त्यावर दोन रेघांचा पट्टा, आणि तासाला एक ठिपका, तोही मिक्सर चालवणाऱ्याच्याच हातानं. क्वालिटीच्या पोरानं ऑफिसात बसून संगणकात भरलेला आकडा वाळू सुधारत नाही.

पट्ट्याच्या बाहेर ठिपका गेला तर काय करायचं, हे त्याच कागदाखाली लिहिलेलं हवं. 'सुपरवायझरला कळवा' एवढ्यानं भागत नाही. मिक्सरवरच कॉम्पॅक्टॅबिलिटी ३८ च्या खाली: पुढच्या बॅचला इतकं पाणी वाढव, तीन बॅचनंतर पुन्हा बघ, सुधारली नाही तर मोल्डिंग थांबव. थांबवण्याचा अधिकार मिक्सरवरच्या माणसाला द्यायचा की नाही, इथं मालकाची परीक्षा होते. जिथं तो अधिकार कागदावर आहे पण थांबवल्यावर त्याला बोलणी बसतात, तिथं आठवड्यात सगळे ठिपके पट्ट्याच्या मधोमध यायला लागतात. सलग आठ-दहा तास जराही न हलणारा ठिपका दिसला तर समजावं की नोंद चहाच्या वेळी एकदम भरलेली आहे. रागवायच्या आधी आपण त्या माणसाला पहिल्या वेळी काय उत्तर दिलं होतं ते आठवावं.

रिजेक्शनच्या नोंदीचंही तसंच. बहुतेक फौंड्र्यांच्या वहीत निम्म्याहून जास्त माल 'ब्लो' या एका शब्दाखाली बाद झालेला असतो. भोक दिसलं की ब्लो. वास्तविक गॅसच्या ब्लोहोलची आतली भिंत गुळगुळीत असते. सँड होल खडबडीत असतं आणि टोकलं तर वाळूचे कण निघतात. श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) जाड भागाच्या पोटात, आतून काट्याकाट्यांचं, रायझरच्या मानेपाशी किंवा जिथं दोन भिंती मिळतात तिथं. पिनहोल टाचणीच्या टोकाएवढी, कातडीच्या लगेच खाली, शॉट ब्लास्टिंगनंतर किंवा मशिनवर पहिला कट मारल्यावर दिसतात. चौघांची कारणं चार आणि इलाज चार. पहिल्याला कोअरचा ओलावा आणि व्हेंट (वायू निघायची भोकं), दुसऱ्याला साच्याची ताकद आणि साफसफाई, तिसऱ्याला मेथडिंग (रनर-रायझरची आखणी), चौथ्याला वाळूतलं पाणी, चार्जमधलं गंजकं स्क्रॅप, सोबत धातूतला हायड्रोजन-नायट्रोजन. सगळ्यांना ब्लो म्हटलं की पॅरेटो (दोषांचा उतरत्या क्रमानं खांबांचा आलेख) काढून उपयोग शून्य, कारण सगळ्यात उंच खांब 'ब्लो'चाच येतो आणि बैठकीत सगळे वाळूवाल्याकडं बघतात.

याला खर्च नाही. बाद मालातून प्रत्येक दोषाचे दोन नमुने कापून, घासून, तारेनं एका फळीवर अडकवा, खाली मराठीत आणि हिंदीत नाव लिहा, आणि फळी फेटलिंगच्या टेबलासमोर लावा. तपासणारा नमुन्याशी ताडून बघून लिहील. जोडीला प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या घाण्यातला धातू) आणि पेटीचा (साच्याचा) क्रम. एका लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) पहिली पेटी १४२० अंशांना भरली आणि शेवटची १३४० ला, तर शेवटच्या दोन पेट्यांत कोल्ड शट (धातू लवकर थिजून राहिलेली फट) येणारच. क्रम लिहिलेला नसेल तर तो दोष दिवसभराच्या मालात विखुरतो आणि कुणालाच सापडत नाही. एसजी आयर्नला (गोलाकार ग्राफाइटच्या बिडाला) हा क्रम जास्तच महत्त्वाचा. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत लॅडल रिकामी झाली पाहिजे, नाहीतर ग्राफाइटचे गोळे बिघडतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही, गिऱ्हाइकाच्या मशिनवर किंवा गाडीत दिसतं.

योजना घेताना कोल्हापुरात एक खबरदारी अशी घ्यावी लागते जी कुठल्याच मार्गदर्शिकेत नाही. सुधारणा मोजायची तर आधीचा पाया लागतो, त्याला सल्लागार बेसलाइन म्हणतात. ती जुलैत घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूनं घट्ट केलेले) दमट हवेतून पाणी ओढतात, बेंटोनाइटच्या गोण्या ओल धरतात, उघड्यावरचं स्क्रॅप गंजतं, म्हणून जून ते सप्टेंबर ब्लोहोल आणि पिनहोल वाढलेलेच असतात. जुलैची बेसलाइन आणि डिसेंबरचा निकाल जोडला तर काहीही न करता सुधारणा दिसते. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला, पंचगंगेनं शिरोलीपाशी महामार्ग अडवला, की माल आणि माणसं दोन्ही अडकतात आणि त्या महिन्याचा आकडा तर बाजूलाच ठेवावा लागतो. आमचा सल्ला: मागच्या बारा महिन्यांचं रिजेक्शन महिनावार काढा आणि जुलैची तुलना जुलैशी, डिसेंबरची डिसेंबरशी करा. सल्लागार याला नाराज झाला तर तो फोटोंसाठी आला आहे असं समजा.

मशिनशॉपमध्ये योजना जास्त सहज बसते, कारण लीनची हत्यारं मुळात जुळणी आणि मशिनिंगच्या कारखान्यांतच घडली. सेटिंग बदलण्याचा वेळ घ्या. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला नग ते नव्याचा पहिला चांगला नग, एवढा वेळ घड्याळावर मोजायचा, मोबाइलवर चित्रण करून. व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) तो समजा ९० मिनिटं निघाला: ड्रॉइंग शोधायला १०, रॅकवरून फिक्श्चर (नग पकडून ठेवायचं साधन) आणायला १२, टूल गोळा करून लांबी घ्यायला १८, फिक्श्चर बांधून डायल लावायला २०, ऑफसेटला १०, आणि पहिला नग पास होण्याची वाट बघत २०. पहिली ४० मिनिटं मशिन चालू असतानाच उरकता येतात, कारण त्या कामांना मशिन थांबायची गरजच नाही. बेसप्लेटला लोकेटिंग पिना बसवल्या की डायलचे २० चे ८ होतात. तपासनिसाला आधी हाक मारून गेज मशिनपाशी आणून ठेवला की वाट बघण्याचे २० चे ८. उरले २६. यात एक नवं यंत्र नाही, फक्त एक ट्रॉली, चार पिना आणि एक ठरलेली हाक आहे.

पुढं चूक होते ती इथं: वाचलेला वेळ मोठी बॅच काढायला वापरला जातो. सेटिंग लवकर होतं म्हणून बॅच लहान करायची, म्हणजे तयार मालाचा ढीग कमी, आणि मापात चूक झाली तर ५०० ऐवजी ६० नग बाद. ओईई (मशिनचा खरा उपयोग किती झाला हा आकडा) काढतानाही तेवढंच जपावं. मशिन उपलब्ध ८० टक्के, वेग ८५ टक्के, चांगला माल ९५ टक्के यांचा गुणाकार साडेचौसष्टच्या आसपास येतो. हा आकडा बघून हिरमुसायचं कारण नाही, कारण खरा आकडा एवढाच येतो. बोर्डावर ९२ लिहिलेले असतील तर थांबलेल्या वेळेतला बराच भाग 'नियोजित' म्हणून वगळलेला आहे.

योजना काय देत नाही तेही सरळ सांगायला हवं. ती धातुशास्त्र शिकवत नाही. लीनचा सल्लागार नोंद ठेवायला लावेल, पण श्रिंकेज का आलं हे त्याला फौंड्रीची पार्श्वभूमी नसेल तर सांगता येणार नाही. रायझरचं मॉड्यूलस, इनॉक्युलेशन ०.२ पुरतं की ०.३ हवं, वेज टेस्टमध्ये चिल किती चालेल, असे धातुशास्त्राचे प्रश्न सोडवणं वेगळ्या माणसाचं काम. नवं उत्पादन विकसित करायला, सिम्युलेशनवर मेथडिंग तपासायला यातून पैसे मिळत नाहीत. आणि मूल्यमापनात कागद आणि आधी-नंतरचे फोटो यांना जितकं वजन मिळतं, तितकं सहा महिन्यांनंतर काय टिकलं याला मिळत नाही. योजनेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे असं आम्हाला वाटतं. शेवटचा हप्ता कारखाना पुन्हा वर्षभरानं बघून दिला असता तर सल्लागारांची वागणूकच बदलली असती.

म्हणून सल्लागार निवडणं ही तुमच्या हातातली मुख्य गोष्ट. स्मॅक, गोशिमा, मॅक किंवा केईए या इथल्या कारखानदार संघटनांच्या ओळखीतून दोघा-तिघांना बोलवा आणि पहिल्या भेटीत तो कुठं जातो ते बघा. रिजेक्शनच्या ढिगाकडं गेला, चार नग उलटेपालटे करून बघितले, हीट नंबर विचारला, तर चांगलं लक्षण. कॉन्फरन्स रूममध्ये लॅपटॉप उघडून टोयोटाच्या स्लाइड दाखवायला लागला तर चहा देऊन निरोप द्यावा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाचं नाव, शॉपवर घालवायचे दिवस, आणि दुसऱ्या किंवा रात्रपाळीतली किमान एक भेट महिन्याला. रात्रपाळी न बघितलेला सल्लागार अर्धाच कारखाना बघून जातो.

एक गाठ मात्र सल्लागाराला सुटत नाही, ती मालकालाच सोडवावी लागते. बऱ्याच फौंड्र्यांत मोल्डिंग ठेक्यावर असतं, पेटीमागं दर. ज्याला पेट्यांच्या संख्येवर पैसे मिळतात तो साचा फुंकून साफ करायला थांबणार नाही, व्हेंट मारायला विसरेल, आणि वाळू कोरडी आहे म्हणून काम तर अजिबात थांबवणार नाही, कारण थांबला की त्याचाच रोज बुडतो. तुम्ही त्याला कितीही एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) दिल्या तरी दर त्याला उलटं सांगत असतो. पूर्ण पद्धत एकदम मोडता येत नाही, माणसं सोडून जातात. मधला मार्ग असा: पेटीचा दर तसाच ठेवून टोळीला चांगल्या कास्टिंगवर वेगळा बोनस, आठवड्याच्या आठवड्याला, आणि वाळू किंवा धातूमुळं थांबावं लागलं तर त्या वेळेची भरपाई कारखान्याची. भरपाईची नोंद ठेवली की थांबण्याची कारणंही आपोआप गोळा होतात. मोल्डर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले असतील तर एसओपी हिंदीत आणि चित्रांची करा. इंग्रजी एसओपी ऑडिटरशिवाय कुणी वाचत नाही.

सूचना पेटीचीही तीच तऱ्हा. कुलूप लावलेली पेटी महिनाभरात धूळ खाते. उपयोगी पडते ती उघडी वही, मिक्सर आणि फेटलिंगपाशी, आणि तीन दिवसांत लेखी उत्तर: करतो, कधी करतो, किंवा करत नाही आणि का. मान्य झालेल्या सूचनेला शंभर रुपये लगेच हातात दिलेले बरे, बचतीच्या टक्केवारीचं वचन नको. ती टक्केवारी काढताना भांडण होतं. कोल्हापूरला कसबाची उणीव कधीच नव्हती. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथं सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, उद्यमनगरानं शेतीसाठी ऑइल इंजिनं ओतली. फेटलिंगवरच्या मुलाला ग्राइंडर कुठल्या कोनात धरला की चाक कमी झिजतं हे माहीत असतं. त्याला कुणी विचारत नाही, आणि त्यानं सांगितलं तर काय झालं हे त्याला कळत नाही, एवढंच.

मालकाचा वेळ हा शेवटचा घटक. कापड गिरण्यांच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली होती: गिरणी किती मोठी होणार हे ठरवणाऱ्या गोष्टींत घरात कर्ते पुरुष किती, याचा वाटा सगळ्यात मोठा निघाला, कारण बाहेरच्या माणसावर विश्वास टाकायची तयारी नव्हती. आपल्याकडं चित्र फार वेगळं नाही. वडील भट्टीवर, एक भाऊ मशिनशॉपला, धाकटा गिऱ्हाइकाकडं, आणि चौथा विभाग उघडायचा तर माणूस नाही. बहिणी आणि सुना हिशेबापलीकडं शॉपवर क्वचित दिसतात, हेही त्याच हिशेबातलं नुकसान आहे. रोजच्या नोंदी यासाठीच हव्यात की घरचा माणूस नसतानाही विभाग नीट चाललाय हे कागद सांगू शकेल, आणि पगारी माणसाला निर्णय सोपवता येईल. सकाळी सव्वा आठला, बोर्डासमोर उभं राहून, पंधरा मिनिटं: कालचे बाद नग, वरचे तीन दोष, कोण काय करणार, कधीपर्यंत. मालकानं पहिले तीन महिने एकही दिवस चुकवू नये आणि पहिल्या पाच मिनिटांत बोलू नये. फोन ऑफिसात ठेवून यावं.

केंद्र सरकारच्याच झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट: मालात दोष नाही, पर्यावरणाला इजा नाही) प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. २०२२ पासूनच्या रूपात ब्राँझला १० हजार, सिल्व्हरला ४० हजार, गोल्डला ९० हजार शुल्क, त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के अनुदान. लीनचं काम नीट झालं असेल तर ब्राँझसाठी लागणारे बहुतेक पुरावे हातात असतातच, त्यामुळं क्रम आधी लीन, मग झेड असा ठेवावा. उलट्या क्रमानं कागद आधी तयार होतात आणि शॉप त्यांच्या मागून धावत राहतं.

इंटरमीडिएटच्या शेवटच्या भेटीत सल्लागाराकडून चार वस्तू मागून घ्या: महिनावार रिजेक्शनचा कच्चा तक्ता, दोषाप्रमाणे फोड केलेला; वाळूच्या आलेखाचे कोरे कागद, पट्टे आखलेले, वर्षभराचे; पट्ट्याबाहेर गेल्यावर काय करायचं त्याचा तक्ता, मराठी आणि हिंदीत; आणि सकाळची बैठक मालक व मॅनेजर दोघंही नसताना कोण घेणार, त्या दोन माणसांची नावं. ॲडव्हान्स्डचा अर्ज या चारही गोष्टी सल्लागाराशिवाय सलग चार महिने चालल्यावर, आणि त्यातला निदान एक महिना पावसाळ्याचा असेल तरच भरावा.